जीप जरूर काढा, पण बांध राखा

भातकापणी झाली की राखोलीहून खानवेल-दुधनीच्या आडवाटांवर जीपगाड्या नेण्याचा बेत आपल्या तरुणांनी आखला आहे. आमचा विरोध नाही; अटी मात्र आहेत.

याच बाजूला १९५४ साली पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो सिल्वासा सोडून हटला. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले, ११ ऑगस्टला तो शरण आला. हे मुलांना वाटेत जरूर सांगा.

पण आडवाट म्हणजे मोकळे रान नव्हे. ती वारली, कोकणा बांधवांच्या शेतांना लागून जाते. चाकाने बांध फुटला, तर पुढच्या पावसात खाचरात पाणी ठरत नाही. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीविना शिरू नका. वाटाड्या गावातलाच घ्या, मजुरी आधी ठरवा.

या भूमीच्या मुक्तीसाठी मराठी माणूस लढला, असे आपण अभिमानाने सांगतो. तिथे दुसऱ्याचा बांध मोडणे आपल्याला शोभणार नाही.