अ‍ॅव्हरेज कुठे गळतं?
छोटी पेट्रोल गाडी घेताना कागदावर लिटरला वीस-बावीस किलोमीटर वाचायचे आणि शहरात बारा-तेराच पदरात पडायचे, हे घरोघरचं दुखणं आहे. कागदावरचा आकडा खोटा नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत रोलरवर, ठरलेल्या वेगक्रमाने तो काढतात. तिथे खड्डे नाहीत, घाट नाहीत. माझ्या मते सर्वांत जास्त पेट्रोल खातात त्या आखूड फेऱ्या: थंड इंजिनाला इंधन जास्त लागतं, आणि मुलांना शाळेत सोडून परत येईस्तोवर ते नीट तापतही नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे पेट्रोलमधल्या त्याच्या २० टक्के मिश्रणाने थोडी घट होणारच. पण अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलं असेल, तर इंधनाला बोल लावून गप्प बसू नका. गाडी चालवून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्या, रिमला लावू मात्र नका. एकाच चाकाची धग जास्त जाणवली, तर बहुधा तिथला ब्रेक चिकटतोय. हवा टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरचा आकडा पाहून भरा. गॅरेजवाल्याने इंजेक्टर साफ करायला सांगण्याआधी एवढं तपासाच. आणि हिशेब टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असाच करा.