कुर्बानाच्या आडून



“विवाह हा पवित्र संस्कार आहे, घटस्फोटाचा विषय देवळात नको,” असं आपल्याकडे वरचेवर ऐकू येतं. विवाह अभंग आहे, हे मीही मानतो आणि शिकवतो. पण त्या वाक्याच्या आडून एक अन्याय पोसला जातो. वीस वर्षं संसार केलेली बाई घराबाहेर पडते, तेव्हा घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नावावर आणि प्रॉव्हिडंट फंड नवऱ्याच्या खात्यात असतो.

गुंजीहून लोंढा, कॅसलरॉक मागे टाकून घाट उतरलं की गोवा. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यानं, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, मिळकत नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. घाटाच्या अलीकडे मात्र जिच्यावर ज्याचं नाव, ती त्याची. आपल्याला १८६९ चा घटस्फोट कायदा लागतो. त्याच्या कलम ३७ प्रमाणे कोर्ट पत्नीला एकरकमी किंवा वार्षिक पोटगी देऊ शकतं. पण घरात वा फंडात तिचा ठरलेला वाटा नाही. २००१ च्या दुरुस्तीपर्यंत तर दावा चालू असतानाची पोटगी नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशापुढे जात नसे!

“कमावलं त्यानं, वाटा तिला कशाला?” असं विचारणाऱ्यांना माझा प्रश्न: स्वयंपाक, मुलं, म्हातारी माणसं यांसाठी पगारी माणसं ठेवली असती, तर फंडात किती उरलं असतं?

“बायकांना वाटा मिळाला तर संसार मोडतील,” असंही म्हणतात. म्हणजे उपासमारीच्या भीतीनं टिकतो तो संस्कार? वेदीसमोर ख्रिस्तसभा वधूवरांची मुक्त संमती विचारते, भीती नव्हे.

मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय काढा. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूनं तिथे खडसावलं आहे. धर्माचं नाव घेऊन देणं बुडवू नका, हाच तो धडा. विवाहाची पवित्रता पुढे करून आपण दुसरं काय करतो?

म्हणून विवाहपूर्व शिबिरात हेही शिकवूया: घर दोघांच्या नावावर घ्या, बचतीचा हिशेब दोघांना ठाऊक असू द्या, तिच्या दागिन्यांची यादी ठेवा. आणि संसार मोडलाच, तर समेटाला बसलेल्या वडीलधाऱ्यांनी “चूक कुणाची?” याआधी विचारावं, “तिचा वाटा कुठे आहे?”

प्रभू आपल्याला न्यायबुद्धी देवो. आमेन.