एका गुणाचे उत्तर

(तृतीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आपल्या वाङ्मय मंडळाने प्रश्नमंजूषेची स्पर्धा घेतली होती. आमच्या गटाला प्रश्न आला, 'भारतातील पहिल्या स्त्री न्यायाधीश कोण?' माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, 'अ‍ॅना चांडी.' टाळ्या पडल्या, एक गुण मिळाला आणि पुढचा प्रश्न एका धरणाच्या लांबीविषयी आला. घरी जाताना मी तिला विचारले, "या अ‍ॅना चांडी कुठल्या ग? त्यांनी केलं काय?" ती म्हणाली, "काय माहीत! पुस्तकात एवढंच दिलंय."

तिचे खोटे नव्हते. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत 'पहिली महिला' असे एक कोष्टकच असते. पहिली राज्यपाल, पहिली डॉक्टर, पहिली वैमानिक. एका ओळीत एक नाव. त्या कोष्टकाचा मला पूर्वी अभिमान वाटे. परंतु अ‍ॅना चांडी यांच्याविषयी जे मिळेल ते वाचून काढल्यावर मला वाटू लागले, की 'पहिली' म्हणून एखाद्या बाईला एकदा कोष्टकात बसवले, की तिने काय मागितले होते हे विचारण्याच्या कष्टातून आपण मोकळे होतो. हा लेख त्या अस्वस्थतेतून लिहीत आहे. माझे म्हणणे सर्वांना पटेल असे नाही. न पटल्यास वाद घालावा, अशी विनंती आहे.

अ‍ॅना चांडी यांचा जन्म १९०५ साली त्रावणकोर संस्थानातला, म्हणजे आजच्या केरळातला. कायद्याची पदवी मिळवणारी संस्थानातील पहिली स्त्री म्हणजे त्याच. १९२९ पासून त्यांनी वकिली सुरू केली. हा काळ कोणता होता, हे ध्यानी घेतले पाहिजे. आपल्या नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि ऑक्सफर्डला जाऊन १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र त्यांच्या हाती पडली ती तब्बल तीस वर्षांनी. १९१६ साली कलकत्त्याच्या रेजिना गुहा यांनी वकिलीची सनद मागितली, तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कायद्यातील 'व्यक्ती' या शब्दात स्त्री येत नाही! अखेर १९२३ साली कायदा करूनच हा अडसर दूर करावा लागला. म्हणजे अ‍ॅनाबाई कोर्टात उभ्या राहिल्या, तेव्हा बाईला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती होऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती.

त्याच सुमारास त्रावणकोरात एक वाद पेटला होता. स्त्रियांना सरकारी नोकऱ्या द्याव्यात की नाही? गंमत अशी, की त्या वेळी संस्थानाचा कारभार सेतू लक्ष्मीबाई या राणी पाहत होत्या. राज्य चालवायला बाई चालत होती; कचेरीत कारकुनी करायला मात्र नको होती. तिरुवनंतपुरमच्या एका सभेत टी. के. वेलु पिल्लै या विद्वान गृहस्थांनी स्त्रियांच्या नोकरीविरुद्ध भाषण केले. घराचे सुख नाहीसे होईल, पुरुषांच्या हातचे काम जाईल, हा त्या पक्षाचा रोख. सभेला अ‍ॅनाबाई होत्या. वय अवघे चोवीसच्या आसपास. त्या व्यासपीठावर गेल्या आणि कोर्टात उलट बाजूचा दावा खोडावा तसे एकेक मुद्दा घेऊन त्यांनी उत्तर दिले. वादीची मागणी काय, तिला आधार काय, असे सारे त्यांनी वकिली भाषेत आणि बोचऱ्या विनोदाने मांडले. त्या दिवसापासून हे नाव त्रावणकोरभर झाले.

हे भाषण वाचताना मला आमची गेल्या वर्षीची वादविवाद स्पर्धा आठवत होती. विषय होता महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांसाठी असलेल्या तीस टक्के समांतर आरक्षणाचा. आमचा एक हुशार वर्गमित्र तावातावाने म्हणाला, "मुलींना घर चालवायचं नसतं. त्यांनी जागा घेतल्या तर मुलांनी जायचं कुठं?" त्याला खूप टाळ्या मिळाल्या, टाळ्या वाजवणाऱ्यांत मुलीही होत्या. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या घरी दोन वर्षे भरतीची वाट पाहणे चालू आहे, हे मला ठाऊक आहे. पण शंभर वर्षे होत आली, तरी युक्तिवाद तोच राहावा आणि त्याला दिलेले उत्तर मात्र आपण विसरून जावे, याचे आश्चर्य वाटते.

अ‍ॅनाबाई बोलूनच थांबल्या नाहीत. १९३० च्या सुमारास त्यांनी 'श्रीमती' नावाचे मासिक काढले आणि त्याचे संपादन केले. १९३१ मध्ये संस्थानच्या श्रीमूलम लोकसभेची निवडणूक लढवली. प्रतिस्पर्ध्यांनी आणि वर्तमानपत्रांनी मिळून त्यांची नालस्ती केली. त्या हरल्या. पुन्हा उभ्या राहिल्या आणि १९३२ ते १९३४ या काळात सभासद झाल्या. १९३७ साली दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी त्यांची मुन्सफ म्हणून नेमणूक केली. १९४८ मध्ये त्या जिल्हा न्यायाधीश झाल्या, आणि ९ फेब्रुवारी १९५९ रोजी केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती. देशातील कोणत्याही उच्च न्यायालयातील त्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती होत. १९६७ पर्यंत त्या पदावर राहिल्या, पुढे विधी आयोगावर काम केले, १९७३ मध्ये आत्मचरित्र लिहिले आणि १९९६ साली वारल्या.

पुढे एका मुलाखतीत त्यांनी मुन्सफीच्या पहिल्या दिवसांविषयी सांगितले आहे. कोर्टात पाऊल टाकताना मन धास्तावले होते. आपण म्हणजे एक प्रयोग आहोत, आपण चुकलो तर नुकसान आपल्या एकटीचे होणार नाही, साऱ्या स्त्रियांच्या मागणीचे होईल, याची त्यांना जाणीव होती. मला हे वाक्य फार जड वाटले. एखादा पुरुष मुन्सफ चुकला, तर तो चुकला, एवढेच लोक म्हणतात. बाई चुकली, तर बायकाच चुकतात. 'पहिली' या शब्दाच्या मागे हे ओझे असते, आणि ते कोष्टकात कुठेच दिसत नाही.

आता ज्या गोष्टीने मला खरोखर थबकायला लावले तिच्याकडे वळते. त्रावणकोरच्या कायद्याने स्त्रियांना फाशीच्या शिक्षेतून सूट होती. १९३५ मध्ये अ‍ॅनाबाईंनी या सवलतीविरुद्ध लिहिले! पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटले. स्त्रियांसाठी जन्मभर झटणारी बाई आणि म्हणते, की आम्हालाही फाशी द्या? हा कसला स्त्रीहिताचा विचार?

उत्तर मला एका साध्या अनुभवातून सापडले. दोन वर्षांपूर्वी मी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला गेले होते. शिबिरात मुलींना रात्रीचा पहारा नव्हता. मुलगे दोन-दोन तास आळीपाळीने थंडीत जागत, आणि आम्ही मुली निवांत झोपत असू. मला त्याचा आनंदच वाटला. उगीच कशाला खोटे सांगू? शेवटच्या दिवशी पुढील वर्षाचा शिबिरप्रमुख निवडायची वेळ आली. नावे निघाली ती सारी मुलांची. आमच्यातील एकीने विचारले, "मुलीचं नाव का नाही?" तर उत्तर मिळाले, "तुम्ही कुठं पहारा दिलात?" आम्ही गप्प बसलो. जी सवलत आम्ही हसत घेतली होती, तिची किंमत अशी वसूल झाली.

अ‍ॅनाबाईंना हेच दिसले असावे, असे मला वाटते. कायदा ज्याला पूर्ण शिक्षा देत नाही, त्याला तो पूर्ण माणूसही मानत नाही. लहान मुलाला शिक्षा माफ असते. पण लहान मुलाला मतही नसते. मग त्यांनी सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांना राखीव जागाही मागितल्या होत्या, त्याचे काय? एकीकडे सवलत नको आणि दुसरीकडे राखीव जागा हवी, ही विसंगती नव्हे काय? आमचा वर्गमित्र हाच प्रश्न विचारील. माझ्या मते यात विसंगती नाही. फाशीची सूट बाईच्या डोक्यावरची जबाबदारी काढून घेते. राखीव जागा तिच्या डोक्यावर जबाबदारी ठेवते, आणि पेलते का पाहा म्हणते. दोन्हींना आपण 'सवलत' हा एकच शब्द वापरतो, म्हणून घोटाळा होतो.

एका बाबतीत मात्र माझे त्यांच्याशी जुळत नाही. स्त्री-पुरुष समान व्हावेत म्हणून स्त्रीलाही फासावर चढवण्यापेक्षा, तो फासच कुणासाठी असू नये, असे मला वाटते. समानता वरच्या पायरीवर यावी, खालच्या नव्हे. परंतु मत मांडण्याची ही सोय ज्या बाईंनी वादळ अंगावर घेऊन मिळवून दिली, त्यांच्याशी आदरानेच असहमत व्हायला हवे.

आणखी एक धिटाईची गोष्ट. केरळातील बायकांना मालमत्ता, मत आणि नोकरी मिळू लागली, तरी स्वतःच्या शरीरावर त्यांचा हक्क कुठे आहे, असा प्रश्न अ‍ॅनाबाईंनी त्याच काळात जाहीरपणे विचारला. संततिनियमनाची माहिती देणारी केंद्रे देशभर असावीत, अशी त्यांची मागणी होती, आणि तिला खुद्द स्त्रियांच्या परिषदेतही विरोध झाला. ही मागणी आज आपल्याला साधी वाटते, यातच तिचा विजय आहे.

मग पुढे काय झाले? इथे मला कोष्टकाचा खरा राग येतो. अ‍ॅनाबाई १९३७ मध्ये मुन्सफ झाल्या. सर्वोच्च न्यायालय १९५० मध्ये सुरू झाले, आणि तिथे पहिली स्त्री न्यायमूर्ती आली ती १९८९ मध्ये : फातिमा बीवी. त्याही केरळच्याच. त्यांना शास्त्र विषय पुढे शिकायचा होता. पण अ‍ॅना चांडींचे उदाहरण डोळ्यांसमोर असलेल्या वडिलांनी त्यांना कायद्याकडे वळवले. १९५० मध्ये त्या वकील झाल्या आणि १९५८ मध्ये मुन्सफ. एका बापाने दुसऱ्याच्या लेकीकडे बोट दाखवून आपल्या लेकीला वाट दाखवली, आणि देशाला न्यायमूर्ती मिळाली. अ‍ॅनाबाईंच्या 'पहिले'पणाचे याहून मोठे फळ मला सांगता येणार नाही.

फातिमा बीवी एप्रिल १९९२ मध्ये निवृत्त झाल्या. त्यानंतर नोव्हेंबर १९९४ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात एकही स्त्री नव्हती. त्या वर्षी आल्या त्या आपल्या मुंबईच्या सुजाता मनोहर. मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये स्थापन झाले. त्याला पहिली स्त्री न्यायमूर्ती, म्हणजे सुजाताबाई, लाभायला १९७८ साल उजाडावे लागले. एकशे सोळा वर्षे! १९५० ते २०२५ या पंचाहत्तर वर्षांत सर्वोच्च न्यायालयात अडीचशेहून अधिक न्यायमूर्ती होऊन गेले. त्यांत स्त्रिया अकरा. 'पहिली' मिळाली म्हणून टाळ्या वाजवून आपण घरी गेलो, त्याचा हा परिणाम.

कुणी म्हणेल, की न्यायासनावर बसलेली व्यक्ती बाईही नसते आणि पुरुषही नसते. निकाल कायद्याप्रमाणे लागतो. तत्त्व म्हणून हे मान्य आहे. तरीही आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर लावलेला एक फलक पाहावा. 'अंतर्गत तक्रार समिती' असे त्यावर लिहिले आहे. आपण रोज त्याच्या खालून जातो. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली 'विशाखा' खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांतून पुढे २०१३ चा कायदा आला, आणि त्या कायद्यातून हा फलक. त्या खटल्याच्या तीन न्यायमूर्तींत सुजाता मनोहर एक होत्या. उरलेले दोघे पुरुष होते आणि त्यांनीही तोच न्याय केला, हे मी विसरत नाही. परंतु ज्या पीठापुढे बायकांचे दुःख मांडायचे, त्यावर ते दुःख समजावून सांगावे न लागणारे निदान एक माणूस असावे, ही अपेक्षा फार मोठी आहे काय?

माझ्या वर्गातील दोघी यंदा पदवीनंतर कायद्याला प्रवेश घेण्याचा विचार करीत आहेत. एकीच्या घरी 'बाईमाणसाला कोर्टाची पायरी कशाला' असे म्हणणे चालू आहे. तिच्या वडिलांना मी अ‍ॅना चांडींची गोष्ट सांगणार आहे. विशेषतः फातिमा बीवींच्या वडिलांची. पटेल न पटेल, सांगून पाहायला काय हरकत आहे?

वाङ्मय मंडळालाही माझी एक सूचना आहे. पुढील प्रश्नमंजूषेत 'पहिल्या स्त्री न्यायाधीश कोण' हा प्रश्न जरूर विचारावा. पण त्याला जोडून आणखी एक विचारावा : 'सर्वोच्च न्यायालयातील दुसऱ्या स्त्री न्यायमूर्ती कोण, आणि त्यांना यायला इतका उशीर का झाला?' या प्रश्नाला मात्र एक गुण पुरणार नाही.