मधुमेहाची भुकटी आणि आपली स्मरणिका



आपल्या स्मरणिकेचा बराचसा खर्च जाहिरातींवर भागतो, हे सर्वांस ठाऊक आहे. अलीकडे त्यांत मधुमेह मुळापासून घालविण्याची हमी देणाऱ्या भुकट्यांच्या जाहिरातीही येऊ लागल्या आहेत. पुढील वर्षापासून त्या स्वीकारू नयेत, अशी माझी संघास नम्र विनंती आहे.

वनस्पतींच्या अंगी गुण नाही, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आज मधुमेही रोग्यास बहुधा सर्वप्रथम दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी ही एका वनस्पतीचीच देणगी होय. युरोपातील गॅलेगा या झुडुपात रक्तातील साखर उतरविणारे द्रव्य सापडले. परंतु ते विषारी होते. त्याच जातीचे मेटफॉर्मिन हे सौम्य रसायन १९२२ साली प्रयोगशाळेत सिद्ध झाले आणि १९५७ साली पॅरिसचे डॉ. ज्याँ स्टर्न यांनी त्याचा रोग्यांवरील उपयोग प्रसिद्ध केला. म्हणजे गुण ओळखणे, विष वगळणे, मात्रा ठरविणे व परिणाम तपासणे, एवढ्या पायऱ्या चढून ते औषध आपल्यापर्यंत आले.

आपल्याकडील मेथीवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत अभ्यास झाला आहे. तिच्यातील बुळबुळीत तंतूंमुळे अन्नातील साखर रक्तात सावकाश उतरते. गुडमारचा पाला चघळल्यास साखर मातीसारखी लागते, हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. परंतु जिभेला गोडी कळेनाशी झाली म्हणून रक्तातील साखर गेली, असे होत नाही. कारल्याच्या रसाविषयी झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. आहारात या वस्तूंना स्थान अवश्य असावे. औषधाची जागा मात्र त्यांस देऊ नये. गोळ्या चालू असता असे काढे भरपूर घेतल्यास साखर एकाएकी खाली जाऊन घेरी येण्याचाही धोका असतो.

आपण धान्याचे व्यापारी. पोत्यात सळई खुपसून नमुना पाहिल्याविना, ओलावा व खडा-माती तपासल्याविना आपण भाव बोलत नाही. तेच आपण, आत कोणते द्रव्य किती आहे याचा पत्ता नसलेली भुकटी डोळे मिटून पोटात घालतो! अशा काही भुकट्यांत चोरून मिसळलेली मधुमेहाची इंग्रजी औषधेही तपासणीत आढळली आहेत. त्यांचा गुण येतो तो त्या चोरट्या मालाचा, आणि त्याची मात्रा कोणासच ठाऊक नसते.

हे मी परदुःखावरून लिहीत नाही. २०१४ साली माझ्या थोरल्या बंधूंस डॉक्टरांनी इन्शुलिन घेण्यास सांगितले. ते प्राण्यांच्या स्वादुपिंडापासून काढतात, या समजुतीने अहिंसाव्रती बंधूंनी नकार दिला व एका फिरत्या विक्रेत्याची भुकटी सुरू केली. सहा महिन्यांत पायाची जखम चिघळली आणि पाऊल गमवावे लागले. इन्शुलिन पूर्वी तसे काढीत, हे खरे. परंतु सूक्ष्मजीवांच्या साह्याने तयार होणारे मानवी इन्शुलिन १९८२ पासूनच वापरात आले होते. ही गोष्ट त्या वेळी आम्हा कोणासच ठाऊक नव्हती, याची खंत आजही वाटते. ज्यांच्या मनात अद्याप शंका असेल त्यांनी डॉक्टरांस व गुरुजनांस विचारावे, भुकटीवाल्यास नव्हे.

हा विषय आता घरोघरीचा झाला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आढळले, आणि आपल्या शेजारच्या गोव्यात तर हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक होते. शिवाय मधुमेह बरा करण्याची ग्वाही देणाऱ्या जाहिरातींस १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि ती छापण्यात भाग घेणाराही त्या कायद्याच्या कक्षेत येतो.

चार जाहिरातींचे उत्पन्न बुडेल, हे मला मान्य आहे. ती तूट भरून काढण्यास सभासदांनी थोडी अधिक वर्गणी द्यावी. माझा वाटा मी आनंदाने देईन. संघाच्या नावाने छापलेल्या पानावर आपल्या घरची माणसे विश्वास ठेवतात. तो विश्वास आपण कोणास विकू नये, एवढेच मागणे आहे.