बी धरते ती शेतकरी



परसबागेचे कार्यक्रम आता गावोगाव होतात. शिबिर भरतं, बियाण्याची पाकिटं वाटली जातात, फोटो निघतो. माझ्या पाहण्यात आलेल्या पाकिटांत टोमॅटोचं बी बहुतेक वेळा संकरित होतं. पहिल्या वर्षी फळ झकास येतं. त्याचं बी धरलं तर तेही उगवतं, पण झाडं एकसारखी येत नाहीत. एक बुटकं, एक उंच, फळ भलतंच. मग बाई पुढच्या वर्षी पुन्हा पाकिटाची वाट बघत बसते आणि कागदोपत्री पुन्हा एकदा 'लाभार्थी' होते.

एम.एस.डब्ल्यू. करताना गरजांची पाहणी कशी करायची, हे आम्हाला नीट शिकवलं. बायांना काय येतं, याची पाहणी करणारा तक्ता मात्र त्यात नव्हता. गावरान टोमॅटोचं (कुणी टमाटं म्हणा, कुणी भेदरं) बी धरणाऱ्या बाईला विचारून बघा. ती आधी फळ बघत नाही, झाड बघते. रोग न लागलेलं, भरपूर लागलेलं झाड हेरून त्याला चिंधी बांधते. त्यावरची दोन-चार फळं झाडावरच पूर्ण पिकू देते. पोरांनी कितीही हट्ट केला तरी तोडू देत नाही. मग गर वाटीत काढून दोन-तीन दिवस झाकून ठेवते. वर बुरशीचा पापुद्रा येतो, वास सुटतो, घरातले नाक मुरडतात. पण बियांभोवतीचा जो बुळबुळीत थर त्यांना उगवू देत नाही, तो या आंबण्यानेच सुटतो. भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं. धुऊन, ताटलीत पसरून, सावलीत वाळवून राखेत ठेवलं की तीन-चार वर्षं टिकतं. टोमॅटोच्या फुलात बहुधा स्वतःच्याच परागाने फळ धरतं, म्हणून लहानशा परसातही वाण फारसं भेसळत नाही.

याला निवड म्हणतात. प्रयोगशाळेत हेच काम केलं तर त्याला पगार असतो. टोमॅटो मुळात दक्षिण अमेरिकेतला. तो 'गावरान' झाला तो अशा असंख्य निवडींतून.

आता कायद्याचं. २००१ सालच्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात 'शेतकरी' या शब्दाच्या व्याख्येत जमीन कसणारा आहे, देखरेख करणारा आहे, आणि पारंपरिक वाण जतन करणारा, निवडीतून त्याचं मोल वाढवणाराही आहे. सातबाऱ्याची अट त्या व्याख्येत नाही. बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचाही हक्क हा कायदा शेतकऱ्याला देतो. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत दर शंभर वहितीधारकांत बाया होत्या चौदाच्या आसपास. म्हणजे सातबाऱ्यावरून ज्यांना शेतकरी म्हणायचं नाकारलं जातं, त्यांनाही या कायद्यात जागा आहे. ती आपण अजून पुरती वापरलेली नाही.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली, त्याचा आनंद आपल्या सगळ्यांचाच. पण 'बीजमाता' म्हणून ओवाळायचं आणि जमिनीत वाटा मागितला की तोंड फिरवायचं, हे चालणार नाही. बी राखणं हे बाईच्या मायेचं काम म्हणून फुकटात गणलं गेलं, तर तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं तेवढं वाढेल. जमिनीवर नाव लावण्याची मागणी आपण सोडलेली नाही. तिच्यासोबतच हेही मागायचं आहे.

आपल्या ज्या मंडळांत बियाण्याची देवघेव चालते, त्यांनी यंदा एक वही घालावी. वाणाचं नाव, ते कुणाकडून आलं, माहेरचं की सासरचं, किती वर्षांपासून धरलं जातंय. आणि शेवटच्या रकान्यात बी धरणारीचं स्वतःचं नाव. 'अमक्याची पत्नी' असं नको.