विश्लेषण : लायब्ररीत ‘एकच सर्च बॉक्स’ येतोय, पण त्यात मराठी पुस्तक सापडेल का?

शेतकऱ्यांच्या आत्महत्या या विषयावर कुणाला प्रबंध लिहायचा आहे, असं समजा. परदेशी जर्नलमधले लेख प्रकाशकांच्या वेगवेगळ्या वेबसाइटवर असतात. आधीच्या पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर असतात. मराठी पुस्तकं विद्यापीठाच्या लायब्ररीत असतात आणि त्यांचा कॅटलॉग आणखी तिसऱ्याच ठिकाणी. विषय एक, पण दारं अनेक.

ही सगळी दारं एकाच ठिकाणी उघडणाऱ्या सोयीला ‘डिस्कव्हरी सर्व्हिस’ म्हणतात. साध्या शब्दांत सांगायचं तर संपूर्ण लायब्ररीसाठी एकच सर्च बॉक्स. ही सोय कशी चालते, ती घेताना काय तपासायचं आणि त्याचा विद्यार्थ्यांशी काय संबंध, ते पाहूया.

आत्ताच ही चर्चा का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपयांची तरतूद झाली. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३ हजार ई-जर्नल्स ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी खुली करण्याची ही योजना आहे. सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधकांना त्याचा लाभ मिळेल, असं सरकारने सांगितलं. अंमलबजावणी गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ या यूजीसीच्या केंद्राकडे आहे.

म्हणजे पैसे भरले, कुलूप उघडलं. पण आत काय आहे आणि हवं ते कुठे आहे, हे कळलं नाही तर कुलूप उघडून उपयोग काय? म्हणून खरेदीनंतरचा प्रश्न शोधण्याचा आहे.

हा सर्च बॉक्स चालतो कसा?

सुरुवातीला ‘फेडरेटेड सर्च’ होतं. तुम्ही शब्द टाकला की यंत्रणा त्याच क्षणी प्रत्येक डेटाबेसला विचारायला जायची. सगळ्यात मंद डेटाबेस उत्तर देईपर्यंत थांबायचं आणि विस्कळीत निकाल बघायचे.

२००९ मध्ये आलेल्या ‘समन’ने वेगळा मार्ग लोकप्रिय केला. लाखो लेखांची माहिती आधीच गोळा करून एक मोठी अनुक्रमणिका तयार ठेवायची आणि शोध त्यातच घ्यायचा. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तसंच. ‘प्रायमो’ आणि ‘एब्स्को डिस्कव्हरी सर्व्हिस’ याच पद्धतीने चालतात. शोध झटपट होतो, निकाल एकत्र दिसतात.

यातली मेख मात्र इथेच आहे. अनुक्रमणिकेत जे नाही, ते शोधणाऱ्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

अनुक्रमणिकेत काय असेल, हे कोण ठरवतं?

मुख्यतः कंपन्यांमधले करार. काही कंपन्या एकाच वेळी डेटाबेसही विकतात आणि सर्चची यंत्रणाही. मग आपली माहिती स्पर्धकाच्या यंत्रणेला का द्यायची, हा प्रश्न येतोच. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ‘ऑर्बिस कॅस्केड अलायन्स’ या ग्रंथालयांच्या संघाने ‘एब्स्को’ आणि प्रायमो बनवणारी ‘एक्स लिब्रिस’ या दोघांना खुलं पत्र लिहिलं होतं. तुमच्या भांडणात आमचे वाचक भरडले जातायत, असा त्याचा सूर होता. पुढच्याच वर्षी ‘नीसो’ या अमेरिकी मानक संस्थेने माहितीची देवाणघेवाण आणि पारदर्शकता यांबाबत शिफारशी जाहीर केल्या. त्या मात्र ऐच्छिक आहेत.

बाजारही आक्रसला आहे. समन आणि प्रायमो एकेकाळी स्पर्धक होते. आज दोन्ही ‘क्लॅरिव्हेट’ या एकाच कंपनीकडे आहेत.

निकालांचा क्रम तरी निष्पक्ष असतो का?

तसं गृहीत धरू नये. २०१६ मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड व्हॅली स्टेट युनिव्हर्सिटीचे ग्रंथपाल मॅथ्यू रिड्समा यांनी समनच्या एका सुविधेतल्या चुका मांडल्या. शोधलेल्या विषयाची थोडक्यात ओळख करून देणारी ती सुविधा होती. ‘कामाच्या ठिकाणचा ताण’ असं शोधल्यावर तिने ‘नोकरी करणाऱ्या स्त्रिया’ या विषयाची माहिती पुढे केली. जणू ताणाचं दुसरं नाव स्त्री! लायब्ररीच्या नावाखाली आलेला निकाल विद्यार्थी सहसा तपासत नाही, म्हणून अशी चूक जास्त महागात पडते.

मराठीचा प्रश्न कुठे येतो?

अनेक ठिकाणी. पहिला प्रश्न नावांचा. जोतीराव, जोतिराव, ज्योतिराव, जोतिबा, ज्योतिबा. माणूस एकच, लिहिण्याच्या पद्धती पाच. अनेक ग्रंथालयांत मराठी पुस्तकांच्या जुन्या नोंदी रोमन लिपीत आहेत, तिथे स्पेलिंग आणखी बदलतं. ही सगळी रूपं एकाच व्यक्तीची आहेत, हे यंत्रणेला कुणीतरी सांगावं लागतं.

दुसरा प्रश्न विभक्तीचा. ‘शेतकरी’, ‘शेतकऱ्यांच्या’, ‘शेतकऱ्याला’ हे आपल्याला एकाच शब्दाचे अवतार वाटतात. मराठीची जाण नसलेल्या यंत्रणेला ते तीन वेगळे शब्द वाटतात.

तिसरा प्रश्न डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांच्या’मधला तो आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणक त्यांना वेगळी अक्षरं मानतो. यंत्रणेने ती आधीच जुळवून घेतली नसतील, तर पुस्तक कपाटात असूनही ‘शून्य निकाल’ असं उत्तर येऊ शकतं.

शिवाय अनेक मराठी नियतकालिकांमधल्या लेखांची स्वतंत्र डिजिटल नोंदच झालेली नाही. ते जागतिक अनुक्रमणिकेत येणार कुठून?

मग ही सोय घ्यायचीच नाही का?

तसाही निर्णय एका विद्यापीठाने घेतला आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ‘ओमेगा’ नावाचं स्वतःचं सर्च इंजिन बनवलं होतं. २०१३ मध्ये ते बंद केलं आणि त्याजागी दुसरी डिस्कव्हरी सर्व्हिसही घेतली नाही. वाचक शोध गूगल स्कॉलरसारख्या ठिकाणीच सुरू करतात, मग आपण सापडलेला लेख हातात पडेल याकडे लक्ष देऊ, असा त्यांचा विचार होता.

इंग्रजी जर्नल्सपुरता हा युक्तिवाद आपल्याकडेही लागू पडतो. गूगल स्कॉलर फुकट आहे. मराठी पुस्तकांचं मात्र तसं नाही. लायब्ररीच्या कपाटातलं पुस्तक गूगल स्कॉलरवर सापडेल, याची खात्री नाही. त्याची माहिती फक्त लायब्ररीच्या नोंदीत आहे. ती नोंद नीट नसेल तर पुस्तक कुठेच नाही.

खरेदीआधी काय तपासायला हवं?

कंपनीच्या प्रात्यक्षिकात सगळं छानच दिसतं, कारण शब्द कंपनीने निवडलेले असतात. म्हणून शब्द विद्यापीठाने निवडावेत. ग्रंथपालांकडे रोज येणारे खरे प्रश्न जमवायचे. त्यात इंग्रजी विषय, नेमकं शीर्षक, मराठी लेखक आणि चुकलेलं स्पेलिंगही हवं. तेच प्रश्न सध्याच्या कॅटलॉगमध्ये, गूगल स्कॉलरवर आणि नव्या यंत्रणेत टाकून निकाल शेजारी ठेवायचे.

लेख सापडणं एक आणि उघडणं दुसरं. त्यामुळे ही चाचणी ग्रंथपालांच्या संगणकावर न थांबता हॉस्टेलमधल्या मोबाइलवरही व्हायला हवी. करार संपला तर आपल्या नोंदी परत कशा मिळणार, हेही लेखी हवं. ‘कोहा’ आणि ‘व्हूफाइंड’सारखे मुक्त पर्यायही आहेत. त्यांना परवाना शुल्क नाही, पण ते सांभाळायला माणसं लागतात.

आणि सर्वात आधी खर्च करायचा तो नोंदी दुरुस्त करण्यावर. नोंदच चुकीची असेल तर महागडा सर्च बॉक्स तीच चूक अधिक वेगाने दाखवेल.

यातली एक चाचणी कोणताही विद्यार्थी आजच करू शकतो. आपल्या लायब्ररीच्या सर्चमध्ये ‘जोतीराव फुले’ टाका, मग ‘ज्योतिबा फुले’, मग तेच नाव रोमन लिपीत. तिन्ही वेळा निकाल वेगवेगळे आले, तर त्याचे स्क्रीनशॉट ग्रंथपालांना दाखवा. नवी यंत्रणा निवडणाऱ्या समितीला याहून उपयोगी कागद क्वचितच मिळेल.