पाणी राखणारी कुंडी

शहरातील कोणत्याही चाळीतून फेरी मारली, तर एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. गॅलरीच्या कठड्याजवळ एक कुंडी असते. तीत भेगाळलेली माती असते. आणि त्या मातीत एक वाळलेली काडी उभी असते. ती काडी एके काळी टोमॅटोचे किंवा मिरचीचे रोप होती. ज्या दिवशी ते लावले गेले, त्या दिवशी घरातील मुलांच्या उत्साहाला भरते आले होते. पहिले आठ दिवस त्यास दिवसातून तीनदा पाणी मिळाले. पुढे ते एकदाच मिळू लागले. मग परीक्षा आली, तिच्यामागून सुट्टी आली, सर्व मंडळी गावी गेली. आणि परत येऊन पाहतात तो रोपाने मान टाकलेली! अशा वेळी घरातील कोणी तरी वडीलधारे माणूस सहज म्हणून जाते, "आपल्या हाताला गुणच नाही. आपल्याकडे काही जगत नाही."

हे उद्गार सहज निघालेले असले, तरी ते निरुपद्रवी नाहीत. वाळलेल्या रोपाच्या जागी दुसरे लावता येते. परंतु आपल्या हातून काही उगवत नाही, अशी ज्या मुलाची समजूत झाली, ते पुन्हा मातीस हात लावीत नाही. म्हणून रोप खरोखर कशाने मेले, हे नीट पाहिले पाहिजे. पुष्कळदा त्याचे उत्तर एकच असते : पाण्याचा अनियमितपणा.

जमिनीत वाढणाऱ्या झाडाची मुळे ओलाव्याच्या शोधात खोल जातात. कुंडीतील झाडास ती सोय नसते. त्याचे सारे जग त्या वीतभर मातीत सामावलेले असते. त्यात टोमॅटोच्या फळाच्या शंभर भागांपैकी सुमारे ९४ भाग नुसते पाणीच असते. भर उन्हाळ्यात फळांनी लगडलेले झाड दिवसाकाठी लिटर-दोन लिटर पाणी सहज पिते. ते आज मिळाले, उद्या मिळाले नाही, आणि परवा एकदम भरपूर मिळाले, तर फळांची साल तडकते. पुष्कळदा फळाचा बूड काळा पडून खोल जातो. पाहणारा त्यास कीड समजतो. पण पाण्याबरोबर फळापर्यंत पोहोचणारे कॅल्शियम वेळेवर न पोहोचल्याचा तो परिणाम असतो. मिरचीचे दुखणे याच्या उलट. तिच्या मुळांना हवा लागते. माती सतत चिकचिकीत राहिली, की मुळे कुजतात आणि पाण्यात उभे असलेले झाडही सुकते. म्हणजे टोमॅटो विस्मरणाने बिघडतो आणि मिरची अतिलाडाने मरते. मुलांच्या हातून हे दोन्ही दोष घडतात, आणि मोठ्यांच्या हातूनही घडतात.

यावर एक सोपा उपाय घरच्या घरी करता येतो. पंधरा ते वीस लिटरांच्या दोन सारख्या बादल्या घ्याव्यात. खाद्यतेलाचे रिकामे डबेही चालतात. रंगाचे वा औषधांचे डबे मात्र घेऊ नयेत. एका बादलीत दुसरी ठेवावी, आणि दोहोंच्या बुडांमध्ये चार-पाच बोटे जागा राहील, असा आधार मध्ये द्यावा. ती जागा म्हणजे पाण्याची टाकी. वरच्या बादलीच्या बुडाला मध्यभागी भोक पाडून त्यात एक पेला बसवावा. पेल्याला सर्व बाजूंनी छिद्रे असावीत आणि तो खालच्या पाण्यात बुडावा. बुडाला इतरत्र बारीक छिद्रे पाडावीत, म्हणजे मुळांना हवा मिळते. वरून टाकीत पाणी ओतता यावे, म्हणून एक नळी मातीतून खालपर्यंत उभी करावी. मग आधी पेला आणि नंतर बादली ओलसर मातीने भरावी. ही माती भुसभुशीत हवी. नारळाच्या काथ्याचा भुसा आणि चाळलेले गांडूळखत यांचे मिश्रण उत्तम. नुसती काळी चिकण माती घातली, तर ती दबून घट्ट होते आणि मुळांचा श्वास कोंडते. शेवटी खालच्या बादलीच्या कडेला, वरच्या बादलीच्या बुडापासून बोटभर खाली, एक छिद्र पाडावे. टाकी तेथवर भरली, की जास्तीचे पाणी आपण होऊन बाहेर पडते. या सर्व रचनेचे शहाणपण त्या लहानशा छिद्रात आहे. पाणी देण्याची सोय पुष्कळांना सुचते. पुरे कोठे म्हणावे, हे ते छिद्र ठरविते.

पाणी वर चढते ते कसे, याचे उत्तर देवघरात सापडते. समईतील तेल वातीच्या टोकापर्यंत कोणी उचलून देत नाही. सुताच्या सूक्ष्म पोकळ्यांतून ते स्वतःच वर सरकते. यास केशाकर्षण म्हणतात. कुंडीतील पेला हीच मातीची वात होय. झाडाने वरची ओल शोषली, की माती खालून तेवढी ओढून घेते. झाड लहान असले तर थोडी, मोठे असले तर अधिक.

झाडास थोडे थोडे परंतु अखंड पाणी मिळावे, ही कल्पना नवी नाही. वैशाखाच्या उन्हात तुळशीवर गळती बांधण्याची चाल अनेक घरांत आहे. थेंब थेंब पाण्याने वृंदावन ओले राहते. झिलई नसलेले मडके झाडाजवळ पुरून त्यात पाणी भरून ठेवण्याची युक्ती चीनमधील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कृषिग्रंथात सांगितलेली आहे. आणि ज्या खंडातून टोमॅटो व मिरची जगभर पसरली, त्या अमेरिकेतही खालून ओल घेणारी शेती होतीच. मेक्सिकोच्या खोऱ्यातील उथळ सरोवरांत अझ्टेक लोक चिखल आणि पाणवनस्पती यांचे थर रचून लांबट वाफे करीत. त्यांना चिनाम्पा म्हणत. भोवतालच्या कालव्यांचे पाणी मातीत झिरपून मुळांपर्यंत पोहोचे. मेक्सिको शहराजवळ सोचिमिल्को येथे असे वाफे आजही आहेत. १९८७ साली या स्थळाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. टोमॅटो हा शब्दही अझ्टेकांच्या नाहुआट्ल भाषेतून आलेला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागली आणि पुढे मराठी स्वयंपाकघराची स्वामिनी झाली.

या कुंडीविषयी काही आक्षेप घेतले जातात. रोज पाणी घालण्याने मुलांना शिस्त लागते. अशी सोय केली, तर ती आळशी बनतील, हा त्यांपैकी पहिला. आक्षेप विचार करण्याजोगा आहे, पण तो शिस्तीचा अर्थ फार अरुंद करतो. ठरलेल्या वेळी तांब्याभर पाणी ओतणे ही सवय झाली. झाडाकडे पाहणे ही खरी देखभाल. पाणी घालण्यातून हात मोकळा झाला, की डोळ्यांना काम मिळते. पानाच्या पाठीवर मावा आहे काय, पांढरी माशी उडते काय, हे पाहावे लागते. वाढत्या टोमॅटोला काठीचा आधार द्यावा लागतो. फुले उमलल्यावर फांदी हलकेच हलविली, तर परागकण खाली पडून फळ धरण्यास मदत होते. शिवाय टाकी भरावी लागतेच. तीत दर वेळी किती पाणी मावले, हे वहीत टिपून ठेवणाऱ्या मुलास झाडाच्या वाढीचा हिशेब आपोआप वाचता येतो. ज्या गावी नळाला एकदिवसाआड पाणी येते, तेथे ही वही पाण्याचे मोल शिकविणारा उत्तम धडा ठरेल.

दुसरा आक्षेप डासांचा. तो अगदी रास्त आहे. डेंग्यू पसरविणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. म्हणून नळीचे तोंड व कडेचे छिद्र बारीक जाळीने झाकावे, आणि दोन बादल्यांमधील फट कापडाने बंद करावी. एवढी काळजी ज्यास घ्यावयाची नसेल, त्याने ही कुंडी करू नये. खालून चढणारे पाणी वर वाळून मातीच्या पृष्ठभागावर क्षार सोडते. तेव्हा अधूनमधून वरून भरपूर पाणी घालून ते धुऊन काढावेत. आणि दिवसातून सहा तास ऊन जेथे येत नाही, तेथे कितीही युक्ती केली तरी टोमॅटो धरणार नाही.

बाजारात टोमॅटो सहज मिळत असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. एका बादलीने घराची भाजी भागत नाही, हे खरेच. परंतु एक फळ पिकण्यास किती दिवस, किती पाणी आणि किती लक्ष लागते, हे ज्याने पाहिले, तो बाजारात निराळ्या नजरेने उभा राहतो. भाव कोसळला, म्हणजे शेतकऱ्यावर टोमॅटो रस्त्याच्या कडेस ओतण्याची पाळी येते. ती बातमी वाचून दोन महिने कुंडी सांभाळलेल्या मुलास जे वाटेल, ते इतरांस सहसा वाटणार नाही. प्रत्येक शाळेने उन्हाच्या एका कोपऱ्यात अशा चार कुंड्या ठेवाव्यात, याचे हे एकच कारणही पुरेसे आहे.

या कुंडीस कोणी 'आपोआप पाणी घालणारी' म्हणतात. ते नाव फसवे आहे. ती पाणी घालीत नाही. घातलेले पाणी राखते. तिची टाकी ऐन उन्हाळ्यात चार दिवसही पुरणे कठीण; महिन्याची सुट्टी तिच्या भरवशावर काढता येणार नाही. गावी जाताना शेजारच्या काकूंना सांगून जावेच लागेल. मात्र एखाद्या दिवसाचे विस्मरण ती पोटात घालते आणि अतिलाडाचे पाणी बाहेर सोडून देते. नवशिक्या हातांना एवढी सवलत मिळणे न्याय्यच आहे. त्या सवलतीत पहिले फळ लाल झाले, तर घरातील वडीलधाऱ्यांना आपले जुने वाक्य परत घ्यावे लागेल. आणि ते त्यांनी मुलांच्या देखत परत घ्यावे.